चालत्या दुकानाचं स्टिअरिंग

मावशी माणसाकडे आधी खांद्यांपासून बघतात. चेहरा नंतर. नाव लक्षात राहिलं तर राहिलं, माप मात्र विसरत नाहीत. "ती छत्तीस-तीस-चाळीस येऊन गेली, तुला विचारत होती," असा निरोप त्यांनी मला एकदा दिला. ती माझी कॉलेजातली मैत्रीण होती, हे मला दोन दिवसांनी कळलं. चहा उभ्यानेच पितात. टाचण्या ओठांत धरून बोलतात आणि तरी शब्द न् शब्द कळतो. फोनवर बोलणं संपलं की 'ठेवते' म्हणत नाहीत, नुसता ठेवतात. दोरा दाताने तोडतात. दुसऱ्या कुणी तोडला तर ओरडतात. गाडीत बसायच्या आधी गळ्यातली टेप काढून आरशाला अडकवतात. हँडब्रेक ओढला की गाडीला "बस" म्हणतात, कुत्र्याला म्हणावं तसं.

आणि कुठलाही कपडा कापताना शिवणीत माया सोडतात. माया म्हणजे आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. उद्या माणूस अंगाने भरलं तर शिवण उसवून कपडा सैल करता येतो. लहान मुलीचा फ्रॉक असो की म्हाताऱ्याची विजार, मावशी माया सोडणारच.

"माणूस सुटतं," त्या मला म्हणाल्या. माझ्या कोटाचं अस्तर बदलत होत्या. आमची ती पहिली भेट. "सगळेच सुटतात. तूही सुटशील. मी ठेवलीय दोन बोटं."

मी तेव्हा वरच्या मजल्यावर नुकतीच राहायला आले होते. साहित्याची पदवी हातात होती, नोकरी नव्हती. सकाळी अर्ज लिहायचे आणि दुपारी मावशींकडे जाऊन बसायचे. त्यांच्या-माझ्या वयात पस्तीस वर्षांचं अंतर आहे. मैत्री कशी झाली ते सांगता येत नाही. झाली.

मावशींचं दुकान चाकांवर आहे. जुनी चार दारांची गाडी. मागची सीट काढून तिथे फळी बसवली आहे आणि फळीवर शिवणयंत्र बोल्टने आवळलं आहे. दारांच्या खिशांत दोऱ्यांची रिळं. डिकीत इस्त्री, घडीचा आरसा, बटणांचे डबे. ज्यांना दुकानापर्यंत येता येत नाही त्यांच्याकडे मावशी दुकान घेऊन जातात. चाकाच्या खुर्चीत बसणारी एक बाई आहे, तिची पँट मागून उंच आणि पुढून बुटकी कापावी लागते. एक कवायतमास्तर आहेत, आजारपणानंतर त्यांचा डावा खांदा दीड इंच खाली आला. हात थरथरणारे एक आजोबा आहेत. त्यांच्या शर्टाला बाहेरून बटणं दिसतात, आत चिकटपट्टी आहे.

"तयार कपडे सरळ माणसांसाठी असतात," मावशी म्हणतात. "सरळ माणूस मी अजून बघितला नाही."

त्यांच्या वहीत असे अकरा जण होते.

घरात काका आहेत, मावशींचे यजमान. एकतीस वर्षं बसस्थानकाच्या चौकशीच्या खिडकीत बसले. निवृत्त झाले, पण खिडकी काही सुटली नाही. काहीही विचारा, आधी थोडं थांबतात, मग सरळ समोर बघत उत्तर देतात.

"काका, मावशी कधी येणार?"

"साडेपाचला अपेक्षित आहे. उशीर होऊ शकतो."

तर अशा या घरात एका गुरुवारी मावशी हातात एक कागद घेऊन आल्या. चहा झाला होता. त्यांनी घेतला नाही.

गाडीची वार्षिक तपासणी होती. गाडी नापास झाली होती.

"त्या तपासनिसाने पुढचं चाक दोन्ही हातांनी धरलं," मावशी सांगू लागल्या, "आणि डावीकडे-उजवीकडे हलवलं. आतून टक्क असा आवाज आला. म्हणाला, ऐकलंत? मी म्हटलं, ऐकलं. म्हणाला, स्टिअरिंगचे सांधे गेले. चौदा दिवसांत दुरुस्त करून आणा, नाहीतर गाडी रस्त्यावरून बंद."

मला गाडीतलं काही कळत नाही. मावशींनी टेबलावर दोन पट्ट्या ठेवून दाखवलं. आपण स्टिअरिंग फिरवतो ते एका आडव्या दांड्याने दोन्ही चाकांपर्यंत पोचतं. दांड्याच्या प्रत्येक टोकाला एक गोळीचा सांधा असतो, आपल्या खांद्यासारखा. गोळी झिजली की सांधा खडखडतो. मग आपण एक सांगतो आणि चाक थोडं दुसरंच ऐकतं.

"वाईट आहे का?" मी विचारलं.

"गुडघ्यासारखंच. एकदम काही होत नाही. एके दिवशी होतं."

तेवढ्यात लेकीचा फोन आला. त्यांची लेक दुसऱ्या शहरात दवाखान्यात परिचारिका आहे आणि अपघाताचे पेशंट रोज बघते. मावशी सांगत असतानाच काकांनी तिला कळवलं होतं. चौकशीची खिडकी कुणापासून काही लपवत नाही.

"आई, पुरे झालं आता. वय काय तुझं?"

"त्या गाडीपेक्षा जास्त."

"मी थट्टा करत नाहीये. आता पुन्हा नापास झाली तर गाडी भंगारात. आणि दुसरी घ्यायची नाही. शब्द दे."

मावशी खिडकीबाहेर बघत होत्या. खाली अंगणात गाडी उभी होती.

"दिला," त्या म्हणाल्या.

"काय दिला?"

"शब्द," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी म्हटलं, "मावशी, यंत्र घरातही ठेवता येईल की."

"यंत्र येईल गं. ते अकरा जण कसे येतील? तिसऱ्या मजल्यावर?"

मी टेबलावरच्या दोन पट्ट्या उचलून ठेवल्या.

कोपऱ्यावरचा गॅरेजवाला मावशींना लहानपणापासून ओळखतो. त्याच्या शाळेच्या चड्ड्या त्यांनीच शिवलेल्या. आम्ही गेलो तेव्हा तो एका इंजिनात कंबरेपर्यंत घुसला होता. बाहेर न येताच बोलला.

"मावशी, तीन आठवडे हात लावता येणार नाही. बघा ना, पाच गाड्या उभ्या आहेत. आणि खरं सांगू? तिचं वय झालंय. एक सांधा बदलला की दुसरा बोलायला लागेल."

"माझा गुडघा बोलतो. मलाही भंगारात घालतोस का?"

तो बाहेर आला. हात पुसले. ओशाळला होता.

"तसं नाही हो."

"मग काय काय लागेल ते सांग. मी करते."

तो हसला. मग मावशींच्या तोंडाकडे बघून हसायचा थांबला. त्याने दोन स्टँड दिले, मोठा पाना दिला, एक जाड हातोडी दिली. आणि एकच गोष्ट तीनदा सांगितली.

"जुना सांधा दांड्यावर आट्यांनी बसलेला असतो. काढताना फेरे मोजायचे. जेवढे फेरे फिरवून निघाला तेवढेच फेरे फिरवून नवा बसवायचा. एक कमी नाही, एक जास्त नाही. कळलं?"

"कापड मोजून कापतोच की आम्ही."

"कापड नाही हे."

"बरं बरं."

सुट्या भागांच्या दुकानातही जरा गंमत झाली. दुकानदार म्हणाला, मिस्त्रीला पाठवा. मावशींनी सांधा हातात घेतला, त्याच्या रबरी टोपीवरून अंगठा फिरवला आणि परत दिला.

"याची टोपी चुणली आहे. दुसरा दाखवा."

"अहो, सगळे सारखेच असतात."

"मग दुसरा दाखवायला काय हरकत आहे?"

दुकानदाराने चार दाखवले. मावशींनी कापड बघावं तसे उजेडात धरून बघितले. दोन घेतले. दुकानदार माझ्याकडे असं बघत होता, जसं काही मी त्याची सुटका करू शकले असते.

शनिवारी सकाळी इमारतीमागच्या फरशीवर काम सुरू झालं. सोमवारी तपासणी होती. मावशींनी काकांची जुनी पँट घातली होती, कमरेला कापडी पट्टा बांधून. डोक्याला रुमाल. मागच्या चाकांना लाकडाचे ठोकळे लावले. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले. मग जॅक, मग स्टँड. स्टँडवर गाडी टेकल्यावर मावशींनी गाडीला खांद्याने दोनदा ढकलून बघितलं. गाडी हलली नाही. तेव्हाच त्या खाली सरकल्या.

काका ड्रायव्हरच्या जागी, मांडीवर वही. फेऱ्यांची नोंद ठेवायची जबाबदारी त्यांची. मी पायरीवर बसून गाडीचं दुरुस्तीचं पुस्तक मोठ्याने वाचायचं. माझ्या शिक्षणाचा एवढा सरळ उपयोग त्याआधी कधी झाला नव्हता.

"'सदर नट सैल करावा,'" मी वाचलं, "'परंतु पूर्णपणे काढू नये.'"

"का काढू नये?" गाडीखालून आवाज.

"लिहिलेलं नाही."

"कारण न सांगता हुकूम सोडतंय. कुणी लिहिलंय हे?"

"नाव नाही."

"नसणारच." मग थोडा वेळ खुडखुड. "हां, कळलं. पूर्ण काढला तर सांधा सुटताना माझ्या तोंडावर येईल. एवढं लिहायला काय झालं होतं?"

मग स्टिअरिंग फिरवायची वेळ आली.

"अहो, डावीकडे!"

काका थोडं थांबले. "कुणाच्या डावीकडे?"

"माझ्या!"

"तू उताणी आहेस आणि डोकं माझ्याकडे आहे. तुझी डावी म्हणजे..." त्यांनी हवेत बोट फिरवून हिशेब केला.

"झाडाकडे फिरवा हो!"

"झाड दोन्ही बाजूंना आहे."

"फुलं असलेल्या झाडाकडे!"

दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी कपडे वाळत घालायचं थांबवून कठड्यावर कोपरं टेकली. त्या दिवशी त्यांचे कपडे दुपारपर्यंत बादलीतच होते.

सांधा निघेना. नट सैल झाला होता, पण गोळीचा दांडा आपल्या भोकात वर्षानुवर्षं रुतून बसलेला. मावशींनी ओढला, हलवला, हातोडीने ठोकला, शिव्या घातल्या. त्या शिव्या मी त्याआधी त्यांच्या तोंडून ऐकल्या नव्हत्या. काका वहीतून मान वर न करता म्हणाले, "हे नोंदवायचं नाही ना?"

मावशी बाहेर आल्या. चहा घेतला, बॉनेटला टेकून. सांध्याकडे बघत राहिल्या.

"आपण चुकीच्या जागी मारतोय," त्या म्हणाल्या. "घट्ट शिवण ओढून उसवत नाही. कापड बाजूने ताणलं की टाका आपोआप ढिला होतो."

आत गेल्या. या वेळी दांड्यावर हातोडी मारलीच नाही. दांडा ज्या कड्यात बसला होता त्या कड्यावर, बाजूने मारली. एक. दोन. तिसऱ्याला 'ठक्' आवाज झाला आणि सांधा नटावर लोंबकळला. नट पूर्ण काढला नव्हता म्हणून तोंड वाचलं.

"पुस्तकवाल्याला माफ केलं," मावशी म्हणाल्या.

सांधा आट्यांवरून फिरवत काढताना त्या मोठ्याने मोजत होत्या. काका लिहीत होते. उजवा अठरा फेऱ्यांत निघाला. दुपारनंतर डावा, तोही अठरा. नवे बसवताना मावशी मोजत होत्या, पण आता ओठांत टाचण्यांऐवजी लोखंडी पिन धरलेली असायची. नटातून आरपार जाणारी ही पिन वाकवली की नट कधी सुटत नाही. मी पुस्तक वाचत होते. काका लिहीत होते. बसवतानाचा आकडा कुणी तपासला नाही.

संध्याकाळी मावशींनी चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं. आवाज नाही. परत हलवलं. नाही. त्यांनी मलाही हलवायला लावलं. दगडासारखं घट्ट.

त्यांचे हात काळे झाले होते. त्याच हातांनी त्यांनी माझा गाल धरला. मी दोन दिवस तो डाग घेऊन फिरले.

रविवारी सकाळी आम्ही तिघं गल्लीत चक्कर मारायला निघालो. मी मागे, शिवणयंत्राशेजारी. गाडी सुरू झाली. पण चालेना नीट. हँडब्रेक ओढलेला असावा तशी जड. कोपऱ्यावर वळलो तर टायर असे किंचाळले की रस्त्यावरच्या एका माणसाने उडी मारली.

"हे असं आधी नव्हतं," काका म्हणाले.

मावशींनी गाडी हळूहळू परत आणली. "बस" म्हणायला विसरल्या.

मी गाडीच्या समोर जाऊन उभी राहिले आणि मला ते दिसलं. दोन्ही पुढची चाकं आत वळली होती. फार नाही. नाकाच्या शेंड्याकडे बघायला लागलं की डोळे होतात, तशी.

मावशी जिन्याच्या पायरीवर बसल्या. त्यांना बसलेलं मी क्वचितच बघितलं आहे. यंत्रावर असतात तेव्हाच.

"उद्या दहाला तपासणी," त्या म्हणाल्या. मग स्वतःशीच, "शब्द दिलाय."

मला वाटलं होतं त्या रडतील. मी काय बोलायचं ते मनात जुळवत होते. तेवढ्यात त्या उठल्या, वर गेल्या आणि जाड दोऱ्याचं एक रीळ घेऊन आल्या. कोटाची काजं करायचा मेणाचा दोरा.

पाण्याने भरलेले चार डबे गाडीच्या चार कोपऱ्यांना ठेवले. डब्यांवर काठ्या आडव्या टाकून गाडीच्या दोन्ही बाजूंना, चाकाच्या मध्याच्या उंचीवर, पुढून मागे दोरा ताणला. मागच्या चाकांपासून दोन्हीकडे सारखं अंतर. मग गळ्यातली टेप काढली. पुढच्या चाकाची पुढची कड दोऱ्यापासून किती, मागची कड किती. चाक सरळ असेल तर दोन्ही आकडे सारखे यायला हवेत.

मी बघत राहिले. गाडीभोवती दोरे ताणलेले, मावशी गुडघ्यावर, तोंडात खडू. त्या गाडीचं माप घेत होत्या. खांद्यापासून.

"अडीच सूत," त्या म्हणाल्या. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दुसऱ्या बाजूला गेल्या. "इकडेही अडीच सूत. दोन्हीकडे सारखंच आत. हे सांध्यातलं वाकडेपण नाही. हे मी केलंय."

काकांनी वही उघडली. थोडं थांबले. सरळ समोर बघत म्हणाले, "उजवा. काढताना अठरा. बसवताना सोळा. डावा. काढताना अठरा. बसवताना सोळा."

"सोळा?"

"तू सोळा म्हणालीस, मी सोळा लिहिलं."

"मग तेव्हाच बोलायचं नाही का?"

"विचारलं नाहीस."

मावशींनी डोळे मिटले. आपल्या हातांनी काय केलं ते आठवत असाव्यात. मग एकदम त्यांचा चेहरा बदलला.

"माया ठेवली मी," त्या म्हणाल्या. "अहो, दोन्हीकडे दोन-दोन फेरे माया ठेवली. उद्या लागलं तर असावं म्हणून. कळलंसुद्धा नाही मला."

काकांनी वही मिटली.

"अगं," काका म्हणाले, "गाडी काय लठ्ठ होणार आहे?"

दुसऱ्या मजल्यावरून कुणीतरी खो-खो हसलं. मग मी. मग मावशी, आधी नुसत्या खांद्यांनी, मग तोंडाने. त्या इतक्या हसल्या की गाडीला धरून उभं राहावं लागलं. चाळीस वर्षांत त्यांनी माया न सोडता एकही शिवण घातली नव्हती. लोखंडाला ती लागत नाही, हे त्यांच्या डोक्याला ठाऊक होतं. हातांना नव्हतं.

मग काम परत उघडलं. दोन्ही बाजूंचे दोन-दोन फेरे आत घेतले. या वेळी काका प्रत्येक फेऱ्याला मोठ्याने आकडा सांगत होते, गाडी सुटायची घोषणा करावी तसे. दोऱ्याने पुन्हा माप घेतलं. फरक कमी झाला, पण दोन्हीकडे एक-एक सूत राहिलं. नवे सांधे जुन्यांपेक्षा जरा लांब होते. गॅरेजवाल्याला हे ठाऊक नसावं, किंवा सांगायचं राहिलं असावं.

ऊन उतरायला लागलं होतं. उजवं चाक वर होतं, पाना हातात होता.

"दोन्हीकडून एकेक सूत घ्यायला हवं," मी पुस्तकात बघून म्हटलं. "'समसमान' असं लिहिलंय."

"डावीकडे परत सगळं उभं करायचं म्हणजे अंधार होईल," मावशी म्हणाल्या. "दोन्ही सुतं उजवीकडूनच घेते. फ्रॉक एकाच बाजूने पाव इंच आत घेतला तर कुणाला कळतं?"

"स्टिअरिंगला कळेल," काका म्हणाले.

कळलंच. गल्लीतून चक्कर मारली. टायर गप्प. गाडी हलकी, हात सोडला तरी नाकासमोर सरळ. फक्त सरळ जाताना स्टिअरिंगचं चाक डावीकडे कललेलं, बाराला दोन मिनिटं कमी असताना मिनिटकाटा असतो तेवढं.

"उद्या हे चालेल?" मी विचारलं.

"आता सांगता येणार नाही," काका म्हणाले.

सोमवारी मी त्यांच्याबरोबर गेले. काका घरी थांबले, लेकीचा फोन आला तर असावं कुणी म्हणून. तपासनीस पन्नाशीचा, बारीक, कानामागे पेन. मावशींनी त्याच्या खांद्यांकडे बघितलं. मला कळलं की त्यांना त्याच्या शर्टाबद्दल काहीतरी म्हणायचं आहे. त्या गप्प बसल्या. त्यावरून त्या किती घाबरल्या आहेत हेही कळलं.

"कुणाकडून केलं?" त्याने विचारलं.

"घरी."

"घरी कुणी?"

मावशींनी हात पुढे केले. नखांत काळं होतं. घासूनही निघालं नव्हतं.

त्याने पुढचं चाक धरलं आणि हलवलं. काही नाही. दुसरं चाक. काही नाही. मग तो बॅटरी घेऊन गाडीखालच्या तपासणीच्या खड्ड्यात उतरला. बराच वेळ वर आला नाही. मावशी रुमालाची कड बोटाभोवती गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या.

"हा दोरा कशाला बांधलाय?" खालून आवाज आला.

"या मागच्या नटाला पिन नाही. नट आणि दांडा, दोन्हींवरून घेतलाय. नट जरा जरी फिरला तर दोरा तुटेल. मला रोज वाकून बघता येतं."

खालून बॅटरीचा उजेड हलला.

"मेणाचा आहे," मावशींनी आणखी सांगितलं.

तो वर आला. गुडघे झटकले. गाडी स्वतः चालवून बघितली, आवाराला दोन फेऱ्या. उतरताना म्हणाला, "गाडी सरळ जाते. पण स्टिअरिंग वाकडं आहे."

"हो."

"चाकं सरळ आणि स्टिअरिंग वाकडं."

"पुढच्या रविवारी सरळ करते," मावशी म्हणाल्या. "काल उजेड गेला."

त्याने कानामागचं पेन काढलं. कागदावर काहीतरी लिहिलं. थांबला. परत लिहिलं. मला वाटतं, तेवढ्या वेळात मावशी दोन इंचांनी बुटक्या झाल्या असतील.

"पास," तो म्हणाला. "पण ते सरळ करून घ्या. रविवारी."

मावशींनी कागद घेतला, घडी घातली, परत उघडून वाचला, परत घडी घातली. मग त्यांच्याने राहवेना.

"तुमचा उजवा खांदा जरा वर आहे," त्या त्याला म्हणाल्या. "शर्ट म्हणून मागून उचलतो. कुणी सांगितलं नाही का तुम्हाला?"

बाहेर आल्यावर त्यांनी लेकीला फोन लावला. "पास," एवढंच म्हणाल्या आणि ठेवला. मग वहीतल्या पहिल्या नावाला फोन केला.

पुढच्या रविवारी सकाळी खरोखरच सगळं मांडलं. डबे, दोरा, टेप. काकांनी स्टिअरिंग बरोबर मध्यावर आणून पट्ट्याने सीटला बांधलं. आता डावीकडून एक सूत घ्यायचं आणि उजवीकडे एक सूत परत द्यायचं. अर्ध्या तासाचं काम, मावशी म्हणाल्या. डावं चाक जॅकवर उचललं. त्या वाकल्या, नटावर खडूने खूण केली आणि पाना लावला.

फोन वाजला. मी उचलून त्यांच्या कानाला धरला.

पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. कुणी तरुण माणूस होता. चाकाच्या खुर्चीतल्या बाईंनी नंबर दिला होता. हाताला प्लास्टर, कोपरापासून मनगटापर्यंत. उद्या सकाळी मुलाखत. कोट आहे, बाही चढत नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतो. येता येणार नाही.

"बाही कोणती?" मावशींनी विचारलं. "प्लास्टर किती जाड आहे? टेप नाहीये? मग दोरी गुंडाळ आणि धरून ठेव. अस्तर कुठल्या रंगाचं?" आणि मान हलवून मला फोन काढायची खूण केली.

त्यांनी पाना बाजूला ठेवला. जॅक उतरवला. काकांनी पट्टा सोडला.

"अगं, आणि हे?"

"पुढच्या रविवारी."

हात धुवून त्या गाडीत बसल्या. गाडी फाटकातून बाहेर पडली आणि गल्लीतून सरळ गेली. मागच्या काचेतून मला स्टिअरिंगवरचे त्यांचे हात दिसत होते, डावीकडे जरा कललेले.

त्यानंतर चार रविवार गेले. वहीत आता चौदा जण आहेत. डाव्या नटावर खडूची खूण तशीच आहे.